सात नंबरच्या गच्चीवरचे कागद

हवा मोजायची नोकरी आहे असं सांगितलं, की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "किलोवर की लिटरवर?" एकोणीस वर्षं हा एकच विनोद ऐकून कागदबाईचे कान किटले होते. प्रत्येकाला वाटायचं, हा आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. तिने उत्तर देणं कधीच सोडून दिलं होतं.

काम तसं साधं. बस डेपोच्या तीनमजली कचेरीच्या गच्चीवर एक लोखंडी पेटी होती, वर पत्र्याचं छप्पर, पोटात पंखा. पंखा दिवसरात्र हवा ओढायचा आणि वहीच्या पानाएवढ्या, जाड, पांढऱ्या कागदातून बाहेर सोडायचा. हवेतली घाण कागदावर बसायची. सकाळी आठच्या ठोक्याला जुना कागद चिमट्याने काढायचा, घाणीची बाजू आत ठेवून घडी घालायची, पाकिटात सरकवायचा आणि नवा कागद लावायचा. कोपऱ्यात नंबर लिहायचा तो पेन्सिलीने, कारण शाईला वजन असतं. काढलेला कागद एक दिवस कोरड्या कपाटात ठेवायचा, ओल गेली की मगच काट्यावर. म्हणजे आज काढलेल्या कागदाचा आकडा उद्याशिवाय कुणाला कळायचा नाही. कागदबाईला मात्र आकड्याची गरज नसायची. कागद खिडकीपुढे धरला, की तिला आदल्या दिवसाची सगळी हकिगत दिसायची: कुठे रस्ता खणला, कुठे कचरा पेटवला, कोणत्या दिवशी बसवाल्यांचा संप होता.

शहरात अशी बारा केंद्रं होती. हे सात नंबरचं. डेपोतले मेकॅनिक तिला कागदबाई म्हणत, आणि तिच्या खात्याच्या कागदोपत्री ती 'तात्पुरती सहायक' होती. दर अकरा महिन्यांनी करार नवा. एकोणीस वर्षं तात्पुरतं राहायचं म्हणजे थट्टाच, पण ती थट्टा सरकारने केली की तिला नियम म्हणतात.

सात महिन्यांपूर्वी पर्यावरण आणि वाहतूक या दोन खात्यांनी मिळून एक मोठी योजना आणली. जिथे जिथे बस धावते तो प्रत्येक रस्ता रोज धुवायचा, म्हणजे धूळ उडणार नाही. त्यासाठी बारा नवेकोरे टँकर घेतले, निळे, पुढे फवारे आणि पाठीमागे मोठा झाडू. त्यातल्या एकावर चालक म्हणून लागला बारक्या.

बारक्या हा कागदबाईचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ही एकोणीसची. तेव्हापासून त्याची आईही तीच आणि बापही तीच. आता त्याचे केस कानाजवळ पिकायला लागले होते, पण तिच्या लेखी तो अजून नऊच वर्षांचा. आजवर त्याने किती नोकऱ्या धरल्या आणि किती सोडल्या याची मोजदाद तिने केली नव्हती. ही मात्र टिकली. सरकारी टँकर, अंगावर गणवेश, पायात गमबूट. नवरा नोकरीला चिकटला म्हणून त्याची बायको माहेरून परत आली, आता बोला.

पहिल्या महिन्यात कागदबाईला आभाळ ठेंगणं झालं होतं. बारक्याचा टँकर रोज सकाळी सहाला डेपोत शिरायचा, कचेरीला वळसे घालत पाणी मारायचा, आणि आठ वाजता तो वर गच्चीवर चहाला. तिला वाटलं, भाऊ बहिणीच्या ओढीने येतो. आणि कागद? कागद दिवसेंदिवस उजळत चालले होते. एकोणीस वर्षांत तिने एवढा पांढरा कागद काढला नव्हता. तिने तो खाली नेऊन फोरमनला दाखवला. "बघा," ती म्हणाली, "माझा भाऊ पाणी मारतो त्याचा कागद."

मग एके दिवशी ती पलीकडच्या चौकात पाव आणायला गेली आणि तोंडभर धूळ खाऊन परत आली. गच्चीवर चढून तिने खाली पाहिलं. कचेरीभोवती एक ओलं कडं होतं, काळंभोर, स्वच्छ. त्या कड्याच्या बाहेर, फाटकापासून पुढे, रस्ता होता तसाच पांढुरका. बस थांब्यावरची माणसं तोंडाला फडकी लावून उभी होती. एक जुनी बस सुटली आणि तिच्या धुरात ती माणसं दिसेनाशी झाली.

बारक्या चहाला आला तेव्हा तिने विचारलं, "कुठे कुठे मारतोस रे पाणी?"

"इथे."

"आणि?"

"आणि इथेच. सकाळी सहा ते आठ, दुपारी दोन ते चार, संध्याकाळी सहा ते आठ. कचेरीला वळसे."

"थांब्यावर? शाळेच्या रस्त्यावर?"

"तिथे तुझी पेटी आहे का?" बारक्याने बशीत चहा ओतला. "तोंडी हुकूम आहे, ताई. बाकीचे अकरा जण पण असेच फिरतात, आपापल्या पेटीभोवती. घाण्याला जुंपल्यासारखे."

कागदबाईच्या हातातला कप तसाच राहिला. म्हणजे शहर धूत नव्हते, तिचा कागद धूत होते.

ती तडक खात्याच्या संचालकसाहेबांकडे गेली. साहेब खुर्चीत मागे रेलले, ऐकलं, हसले. "बाई, तुमचं काम कागद बदलायचं. वाचायचं काम आमचं." मग फाइल उघडता उघडता, सहज आठवल्यासारखं, "तुमचा भाऊ आपल्याच टँकरवर आहे ना? चांगला मुलगा आहे. टिकू द्या त्याला."

दगडाखाली हात सापडला की तो हळूच काढावा म्हणतात. कागदबाईने तो काढलाच नाही, तिथेच ठेवला. सहा महिने ती मूग गिळून बसली, रोज पांढरा कागद काढत राहिली आणि रोज स्वतःवर चिडत राहिली. या रागाला जायला जागा नव्हती. त्यामुळे तो बारक्याच्या चहातल्या साखरेवर निघायचा.

आणि मग संसदेच्या खर्च तपासणाऱ्या समितीची नोटीस आली.

सोमवारी साहेबांनी तिला बोलावलं. या समितीपुढे भलेभले कापतात, पण साहेब खुशीत होते. "आकडे सगळेच दाखवतात. आपण कागद दाखवू. गेल्या वर्षीचा एक काळा आणि या पंधरवड्याचे पांढरे, टेबलावर ओळीने मांडायचे. डोळ्यांना दिसलं की प्रश्नच संपले."

"हे कशासाठी, साहेब?"

"दुसऱ्या टप्प्यासाठी. आणखी चाळीस टँकर मागतोय आपण." साहेबांनी आवाज खाली आणला, जणू बक्षीस द्यायचं आहे. "नव्या बसगाड्यांसाठी ठेवलेला निधी आपल्याकडे वळेल. हवा सुधारलीच आहे म्हटल्यावर जुन्या बस आणखी आठ वर्षं चालतात. घाई काय?"

आठ वर्षं. कागदबाईच्या डोळ्यांपुढे थांब्यावरची ती माणसं आली. तिच्या कागदांच्या जोरावर त्यांना आणखी आठ वर्षं तो धूर गिळावा लागणार होता. आतापर्यंत ती नुसती गप्प होती, आता तिच्याकडून खोटी साक्ष काढणार होते.

"तुम्ही तिसऱ्या रांगेत बसायचं," साहेब म्हणाले. "मी खूण केली की कागद मांडायचे. बोलायचं नाही. तुमच्या कराराचं पत्र माझ्या खणात आहे, परत आलो की सही करतो."

त्याच संध्याकाळी बारक्या घरी आला तो गळ्यात प्लास्टिकच्या पाकिटातला पास मिरवत. मंगळवारपासून तीन दिवस त्याची गाडी संसदेच्या रस्त्यावर. समितीचे सभासद ज्या दारातून आत जाणार, तिथला रस्ता आरशासारखा हवा होता. सात नंबर जवळचं केंद्र, म्हणून त्याचाच टँकर काढला.

"फाटकावर काय कडक लोक आहेत गं," तो सांगत होता. "साहेबांनी भरून दिलेला माझा पास तीनदा परत पाठवला. एक रकाना रिकामा चालत नाही. तीनदा सही करून साहेबांचा हात दुखला असेल."

कागदबाईने पोळी उलटली आणि तशीच थांबली. तीन दिवस टँकर तिच्या कचेरीभोवती फिरणार नव्हता. आणि आठचा कागद तर रोज निघणार होता.

बुधवारी सकाळी तिने पेटी उघडली आणि तिच्या तोंडून "आलास का" असं निघून गेलं, जुनं माणूस दारात दिसावं तसं. कागद काळा होता. मधोमध तर चुलीमागच्या भिंतीसारखा. तिने तो खिडकीपुढे धरला. हा खरा होता. सात महिन्यांनी पहिल्यांदाच तिच्या हातात खरा कागद आला होता.

संध्याकाळी तिने बारक्याला सगळं सांगितलं. तो उठून उभा राहिला.

"तो कागद नेऊ नकोस. बारा पांढरे आहेत ना, ते ने. आजचा आणि उद्याचा राहिला घरी म्हणून काय बिघडतं?"

"मालिका तोडायची नसते."

"मालिका गेली खड्ड्यात! ताई, तू तोंड उघडलंस तर पहिला बळी कुणाचा? साहेबाचा? साहेबाला काय होतंय! पाणी कोण मारत होतं? मी. हुकूम लेखी आहे का? नाही. मला घरी बसवतील आणि तुझा करार जाईल. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं, हे तूच मला शिकवलंस."

"शिकवलं," ती म्हणाली. "चुकीचं शिकवलं."

"मग आता पोरांना काय घालू, कागद?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बारक्या न जेवता गेला. लहानपणापासून तो रुसला की असाच जायचा आणि थोड्या वेळाने परत यायचा. त्या दिवशी आला नाही.

गुरुवारी आठ वाजता तिने पेटी उघडली. दुसराही कागद काळा. तिने तो पाकिटात घातला, चौदाही पाकिटं नंबरवार लावली, गेल्या वर्षीच्या काळ्या कागदासकट पिशवीत ठेवली आणि पिशवी छातीशी धरून निघाली.

संसदेपुढचा रस्ता लखलखत होता. झाडांची पानंसुद्धा धुतलेली. कोपऱ्यावर निळा टँकर फवारे सोडत उभा. बारक्याने तिला पाहिलं आणि तोंड फिरवलं. दाराशी मात्र गंमत चालली होती. एवढं पाणी मारलं होतं, की गाडीतून उतरणारा प्रत्येक सभासद घोट्याएवढ्या डबक्यात पाय घालत होता. आतल्या लाल गालिच्यावर ओल्या बुटांचे ठसे दारापासून टेबलापर्यंत गेले होते.

खोली मोठी, टेबल लंबवर्तुळाकार, प्रत्येकापुढे झाकण घातलेला पाण्याचा पेला आणि माइक. मध्यभागी अध्यक्षबाई. पिकलेल्या केसांच्या, ठेंगण्या. राजकारणात येण्यापूर्वी त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि ती सवय गेली नव्हती. मंत्र्यांनाही त्या म्हणत, "उत्तर नको, कसं काढलंत ते दाखवा." त्या दिवशी त्यांनी भिजलेले बूट टेबलाखाली काढून ठेवले होते आणि त्यांचा चेहरा काही फार प्रसन्न नव्हता.

साहेब बोलायला लागले. धुतल्या तांदळासारखे दिसत होते. बारा केंद्रं, सात महिने, धुळीत चाळीस टक्के घट. जुन्या बसगाड्या तूर्त बदलायची गरज नाही, दुसऱ्या टप्प्याला मान्यता मिळावी. मग त्यांनी मागे वळून खूण केली.

कागदबाई उठली. आधी गेल्या वर्षीचा काळा कागद उलगडून ठेवला. सभासद पुढे वाकले. मग या पंधरवड्याचे. एक पांढरा, दोन पांढरे, तीन पांढरे. साहेब खुर्चीत ऐटीत बसले होते, कागदांकडे पाठ करून, कारण बघायची गरजच नव्हती. बारावा पांढरा. तेरावं पाकीट हातात घेतल्यावर कागदबाई क्षणभर थांबली. काचेतून खाली टँकरचं निळं टप दिसत होतं. मग तिने घडी उलगडली. काळा. चौदावा, काळा.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कागद दाखवायची हौस साहेबांचीच होती.

"हे काय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

साहेब वळले. त्यांच्या हातातल्या तक्त्यात सोमवारपर्यंतचेच आकडे होते, नंतरचे कागद अजून काट्यावर चढलेच नव्हते. त्यांनी त्या दोन काळ्या कागदांकडे असं पाहिलं, जणू कुणी टेबलावर मेलेला उंदीर ठेवला आहे. "मशीनमध्ये बिघाड असावा, महोदया. या बाई तात्पुरत्या आहेत. चुकून—"

"मशीन ठीक आहे," कागदबाई म्हणाली.

तिच्यापुढे माइक नव्हता, पण ऐकू सगळ्यांना आलं. साहेबांनी डोळे वटारले. अध्यक्षबाईंनी शिपायाला एक माइक तिच्यापुढे सरकवायला सांगितलं. लाल दिवा लागला.

"तुम्ही कोण?"

"मी कागद बदलते. एकोणीस वर्षं."

"मग सांगा. बारा पांढरे आणि दोन काळे. या दोन दिवसांत काय झालं?"

खरं बोलायला किती वेळ लागतो? कागदबाईला वाटलं, फार वेळ लागला. बारक्याची पोरं डोळ्यांपुढे आली. मग थांब्यावरची माणसं आली, आणि मग सहा महिन्यांचा तो अडकलेला राग, आणि त्याने सगळ्यांना मागे ढकललं.

"टँकर आला नाही."

"म्हणजे?"

"आमच्या कचेरीभोवती रोज सहा तास टँकर पाणी मारतो, बाई. फक्त तिथेच. म्हणून कागद पांढरा. फाटकाबाहेर एक थेंब पडत नाही. बाराही केंद्रांवर तसंच आहे. हवा सुधारली नाही, माझी गच्ची धुतली. परवापासून तो टँकर आला नाही, म्हणून हे दोन कागद खरे निघाले."

"कुठे गेला मग टँकर?"

कागदबाईने खिडकीकडे बोट केलं. "खाली आहे. तुमच्या दारात."

खोलीत कुणीतरी हसू दाबलं. सगळ्यांनी आधी खिडकीकडे आणि मग आपापल्या बुटांकडे पाहिलं. अध्यक्षबाईंनी टेबलाखाली पाय हलवला. "असं," त्या म्हणाल्या.

साहेब सावरले. मोठ्या खुर्चीत बसणाऱ्याला पडताना दुसऱ्याच्या अंगावर पडायची कला अवगत असते. "महोदया, हे मला आजच कळतंय. मी चौकशी लावतो. पण एक गोष्ट समितीने लक्षात घ्यावी. त्या टँकरचा चालक या बाईंचा सख्खा भाऊ आहे. बहिणीकडे चहा पिण्यासाठी तो नेमलेला रस्ता सोडून रोज तिथे घुटमळत असणार. योजनेचा दोष नाही. एका कामचुकार चालकाचा दोष आहे."

चोराच्या उलट्या बोंबा! कागदबाईच्या कानशिलांत रक्त तापलं. बारक्या काल हेच सांगत होता, शब्दन् शब्द. आता काय करायचं? 'मीच त्याला बोलवत होते, माझा दोष,' असं म्हणावं आणि त्याला वाचवावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण तसं म्हटलं की टँकरचं फिरणं बहीणभावाची भानगड ठरत होतं आणि बाकीचे अकरा सुटत होते. तिने ओठ आवळले, आणि भावाला वाचवायचं सोडून दिल्याचं दुःख तिला तिथल्या तिथे झालं.

"चालक खालीच आहे ना?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "बोलवा त्याला. कसं काढलं ते त्यालाच विचारू."

बारक्या आला तो गमबुटांसकट. प्रत्येक पावलाला गालिच्यावर पचपच आवाज होत होता. टोपी हातात, गळ्यात पास, आणि चेहरा असा, की कागदबाईला तो खरोखरच नऊ वर्षांचा दिसला.

"तुम्ही रोज सात नंबर केंद्राभोवती पाणी मारता?"

"हो, बाई."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

बारक्याने बहिणीकडे पाहिलं. मग साहेबांकडे. साहेब मऊ आवाजात म्हणाले, "घाबरू नकोस. बहिणीकडे चहाला जात होतास ना? एवढंच सांग. माणसाकडून चूक होते. आम्ही सांभाळून घेऊ."

वाट मोकळी होती. नुसती मान हलवायची होती. फार तर दोन महिने घरी बसवलं असतं, मग दुसऱ्या कुठल्या तरी गाडीवर घेतलं असतं. बारक्याने आयुष्यभर हेच केलं होतं, मान हलवायची आणि निघायचं. कागदबाईने मान खाली घातली. तिला ते बघायचं नव्हतं.

"चहा प्यायचो, बाई," बारक्या म्हणाला. "आठ वाजता, काम संपल्यावर. साखर कमी असायची."

मग त्याने गळ्यातला पास काढला आणि टेबलावर ठेवला.

"हुकूम तोंडी असायचा. पण तुमच्या फाटकावर तोंडी चालत नाही. हा वाचा."

अध्यक्षबाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, वर्गात वाचावं तशी. गाडीचा नंबर. चालकाचं नाव. येण्याचं कारण, रस्ता धुणे. "नेहमीचे कामाचे ठिकाण," त्या थांबल्या, चष्मा नीट केला. "केंद्र क्रमांक सात, फक्त इमारतीभोवती. वेळ सकाळी सहा ते आठ, दुपारी दोन ते चार, सायंकाळी सहा ते आठ. तीन दिवसांसाठी तेथून मोकळीक." त्यांनी पास साहेबांपुढे सरकवला. "सही तुमचीच ना? शिक्का पण आहे."

साहेब सहीकडे बघत राहिले. तीनदा केलेली सही ती.

"हे तुम्हाला आजच कळतंय, असं म्हणालात," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि चिटणिसांकडे वळल्या. "लिहून घ्या. दुसरा टप्पा स्थगित. बसगाड्यांच्या निधीला कुणी हात लावायचा नाही. बाराही टँकर आठ दिवस त्या केंद्रांपासून दूर ठेवायचे आणि त्या आठ दिवसांचे कागद मला इथे हवेत. आणि आणायला याच बाई येतील."

बाहेरच्या व्हरांड्यात साहेबांनी तिला गाठलं. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून ते म्हणाले, "फार शहाणपण केलंत. करार महिनाअखेरीला संपतो तुमचा. पत्रावर सही होणार नाही, हे लिहून ठेवा."

"लिहिते," कागदबाई म्हणाली. "पेन्सिलीने. तोवर अठरा कागद होतात, साहेब."

जिन्यात बारक्या गमबूट काढून पाणी झटकत बसला होता. ती शेजारी टेकली.

"गेली नोकरी," तो म्हणाला.

"कुणाची?"

"दोघांची." आणि तो हसायला लागला, आणि मग तिलाही आवरेना. संसदेच्या जिन्यावर दोघं पिकल्या केसांची माणसं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती आणि पहारेकरी बघत होता. "ताई, त्याने माझी चूक म्हटली, ते मी गिळलं असतं," बारक्या म्हणाला. "पण तू मान खाली घातलीस. माझ्यावर विश्वासच नाही तुझा."

"आता आहे," ती म्हणाली, आणि त्याचा दुसरा गमबूट उलटा करून झटकला.

शुक्रवारी ती नेहमीपेक्षा लवकर गच्चीवर गेली. खात्यात एवढी घाबरगुंडी उडाली होती, की कुठे पाणी मारायचं याचा हुकूम द्यायला कुणी तयार नव्हतं. बारक्याकडे भरलेला टँकर होता आणि वरून सांगणारं कुणी नव्हतं. तो निळा टँकर डेपोच्या फाटकाशी आला. कागदबाईने कठडा धरला. टँकर वळला नाही. तो सरळ पुढे गेला, बस थांब्याकडे, आणि तिथे फवारे सुटले. माणसं पिशव्या वर उचलून उड्या मारायला लागली, कुणीतरी बारक्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, शाळेची पोरं ओरडत पाण्यात शिरली. पुढे चौक, चौकापुढे शाळेचा रस्ता. ती दिसेल तिथपर्यंत बघत राहिली.

आठ वाजले. तिने पेटी उघडली, काळा कागद काढला, घडी घालून पाकिटात ठेवला. नव्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर लिहिला आणि पंखा सुरू केला. उद्याही तो काळाच निघणार होता. तिला त्याची आता लाज वाटत नव्हती.

चहा मात्र तिने दोन कप केला, आणि बारक्याच्या कपात साखर जास्त घातली.